बेघरांचे गाव कोणते?

मोऱ्याहून भाऊच्या धक्क्यास जाणाऱ्या सकाळच्या लाँचमध्ये आमच्या शेजारी एक सुशिक्षित गृहस्थ बसले होते. धक्क्यावर उतरून आम्ही बाहेरच्या रस्त्यास लागलो, तो पदपथावर तीन दगडांच्या चुली पेटलेल्या आणि मुले अजून निजलेली. गृहस्थ नाकास रुमाल लावून म्हणाले, "ह्यांना आपापल्या गावी का पाठवीत नाहीत?" हा उद्गार एका व्यक्तीचा नव्हे, तो आपल्या पांढरपेशा वर्गाचा आहे. म्हणूनच त्याचा समाचार घेणे आम्हांस अवश्य वाटते.

हा उपाय नवा नाही. 1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, पदपथवासीयांना हुसकावून मूळ गावी धाडण्याचे फर्मान मुख्यमंत्री अंतुले ह्यांनी काढले. ओल्गा टेलिस प्रभृतींनी त्याविरुद्ध दाद मागितली. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या पीठाने सांगितले की, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय. कामाजवळची जागा हिरावली की काम जाते. परंतु त्याच निकालाने पूर्वसूचना देऊन पदपथ मोकळे करण्यास मुभाही दिली. तत्त्व थोर, पदरात मात्र नोटीस!

हे लोक आळशी म्हणून बेघर, असे आमचे वाचक समजत असतील तर त्यांनी पहाटे एकदा बाजारात जावे. हातगाडी ओढणारा, विटा वाहणारा, आपला कचरा निवडणारा, हे सारे ह्याच पदपथावरून उठून कामास जातात. नगरास त्यांचे हात हवे आहेत, त्यांची वळकटी तेवढी नको. जागेचा तुटवडा म्हणावा, तर 2011 च्या जनगणनेत मुंबईत बेघर भरले सुमारे 57 हजार, आणि रिकामी घरे सुमारे 4 लाख 80 हजार! घरे आहेत, ती राहण्यासाठी नसून पैसा साठविण्यासाठी आहेत, इतकेच.

आणि 'गावी जा' हा सल्ला उरण-पनवेलच्या माणसाने तर देऊच नये. 1970 साली सिडको स्थापन झाली आणि नव्या नगरासाठी येथील शेते व मिठागरे घेतली गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. जानेवारी 1984 मध्ये जासई-नवघर परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व सरकारास मान्य करावे लागले. येथील शेतकऱ्याच्या हाती सातबारा होता, म्हणून त्याचे नुकसान मोजता तरी आले. पण ज्या भूमिहीनाच्या नावे गावात सातबारा नाही आणि शहरात शिधापत्रिका नाही, त्याचे काय गेले हे मोजावयाचे कोणत्या दप्तरात? घरातून काढलेली विधवा, कोणी न विचारलेला मनोरुग्ण, ह्यांना तरी कोणत्या गावाचे तिकीट काढून द्यावयाचे?

समाजाची उत्तरे दोन आहेत. पहिले दंडुक्याचे. 1959 चा भिक्षा-प्रतिबंधक कायदा निर्वाहाचे साधन न दिसता भटकणाऱ्यासही भिकाऱ्यांत गणतो, आणि एक ते तीन वर्षे डांबून ठेवू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिल्लीपुरती त्यातील बहुतेक कलमे रद्द केली. आपल्याकडे तो उभाच आहे. दुसरे उत्तर दानाचे: हिवाळ्यात एक घोंगडी द्यावयाची आणि छायाचित्र काढून घ्यावयाचे. घोंगडीस आमचा विरोध नाही. पण ती दिल्याने ऋण फिटले असे मानण्यास आहे. सरकारी निवाऱ्याचा 2013 चा दंडकच पाहा: दर लाख वस्तीमागे किमान शंभर जणांची सोय. 2011 च्या मुंबईच्या सव्वा कोट वस्तीस हा दंडक तंतोतंत पाळला, तरी जागा होतात साडेबारा हजार. म्हणजे मोजलेल्या बेघरांत पाचांपैकी जेमतेम एकास!

आमचे म्हणणे एवढेच की, निवारा ही भीक नव्हे. घेतलेल्या श्रमाच्या किमतीतला तो न दिलेला भाग आहे. कामाच्या जवळ, परवडेल अशा भाड्याची खोली हे नगरपालिकेचे पाणी-दिव्याइतकेच प्राथमिक काम ठरले पाहिजे, आणि त्यासाठी कर वाढल्यास आपण कुरकुरता कामा नये. आपली घरे ज्यांच्या हातांनी उभी राहिली, त्यांना त्यांचे गाव विचारण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांचे गाव हेच आहे.