जुन्या इंजिनाचें मोल

लोट्याहून एका वाचकांनीं आपल्या घरांतील वाद आमच्यापुढें मांडला आहे. त्यांच्या थोरल्या मुलाची ‘डीसी अवंती’ ही शर्यती धाटणीची मोटार अपघातांत मोडली. तिचें इंजिन दोन पावसाळे पडवींत पडून आहे. धाकट्यानें त्याच जातीची, पण इंजिन निकामी झालेली गाडी स्वस्तांत घेतली असून त्यास हें इंजिन हवें आहे. थोरला चार लाख मागतो. धाकटा भंगाराच्या वजनी भावावर थोडीशी भर टाकूं म्हणतो. एका पंक्तीस जेवणारे हे दोघे महिनाभर एकमेकांशीं बोललेले नाहींत.

2012 सालीं दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत लोकांपुढें आलेली, दिलीप छाब्रिया यांनीं रचिलेली ही गाडी या देशांतली खरी; इंजिन मात्र रेनो या फ्रेंच कंपनीचें, दोन लिटरचें, टर्बो बसविलेलें, 250 अश्वशक्तीचें. अशा गाड्या थोड्या, म्हणून इंजिन दुर्मिळ. आणि त्याच कारणानें गिऱ्हाइकहि दुर्मिळ. विकणारा पहिली गोष्ट सांगतो, घेणारा दुसरी.

आमच्या मतें हिशेब उलट्या बाजूनें करावा. असेंच चालू, खात्रीचें इंजिन बाजारांत कितीस पडेल तें आधीं ठरवावें, आणि हें इंजिन त्या योग्यतेस आणण्यास जो खर्च येईल तो त्यांतून वजा करावा. कोंकणच्या दमट हवेंत हा खर्च लहान नसतो. प्रथम इंजिन सुरू करण्याची घाई न करितां क्रँक हातानें फिरवून पाहावा. फिरत नसेल तर पिस्टनच्या कड्या गंजून सिलिंडरास धरल्या असण्याचा संभव मोठा. तेल ताकासारखें पांढुरकें असेल तर आंत पाणी गेलें आहे. मग चारहि सिलिंडरांतील दाब मोजावा. चौघांचे आंकडे जवळजवळ असावेत; एकाचाच फार खालीं असेल तर झडप, कडी अथवा मधलें गॅस्केट बिघडलें असें समजावें. टर्बोचा दांडा हलतो कां, धडकेनें तेलाची टाकी तडकली कां, हेंहि पाहावें. झडपांचा पट्टा रबराचा. तो न चालतांहि जुना होतो आणि चालतांना तुटल्यास पिस्टन झडपांवर आदळतात. त्याची किंमत न पाहतांच वजा धरावी. इंजिनाचा संगणक व तारांचा जुडगा सोबत नसेल तर थोरल्याचा आंकडा आणखी बराच उतरेल. जुन्या गाडीचे कागदहि हवेत, कारण इंजिनाचा क्रमांक परिवहन कार्यालयांत नोंदविलेला असतो व बदल तेथें कळवावा लागतो.

भावाची गरज पाहून किंमत चढविणें आणि दुसरें गिऱ्हाइक नाहीं हें पाहून ती पाडणें, हीं दोन्ही आम्हांस सारखींच वाटतात.

याज्ञवल्क्यस्मृतींत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेस मुदती दिल्या आहेत: लोखंडास एक दिवस, ओझें वाहणाऱ्या जनावरास पांच. इंजिन धातूचें खरें. पण ज्याचें बळ आपण घोड्यांनीं मोजतों त्यास लोखंडांत कसें घालावें? आम्ही त्यास पांच दिवस देतों. दोघांनीं मिळून एक कारागीर नेमावा, त्याची मजुरी अर्धी अर्धी वांटून घ्यावी, आणि तो आंकडा सांगेपर्यंत धाकट्यानें कांहीं इसारा वडिलांपाशीं ठेवावा.