डोंगराचं तिकीट आणि हवेचा जुगार

गेल्या रविवारी आम्ही तिघं लिफ्टच्या तिकीट खिडकीसमोर उभे होतो. दिवसाच्या पासांचा एकूण आकडा ऐकला आणि मी मुकाट्याने दोनच पास घेतले. "तुम्ही जा, मी खाली कॉफी पितो." लेक म्हणाली, "बाबा, बुधवारी स्वस्त होते ना?"

होते. पण बुधवारी का घेतले नाहीत, तर जानेवारीत एकदा तसं करून हात पोळले होते. आधी घेतलेले स्वस्त पास, आणि नेमका त्या दिवशी फ्योन सुटला. हा इथला दक्षिणेकडून येणारा जोरदार उष्ण वारा. वरच्या लिफ्ट बंद. खालच्या दोन चालू, म्हणून पैसे परत नाहीत. नियम म्हणजे नियम.

गावाकडच्या मित्रांसाठी सांगतो. स्की करायची तर डोंगरावर चढवणारे पाळणे आणि खुर्च्या लागतात, आणि त्यांचं दिवसाचं किंवा हंगामाचं तिकीट म्हणजे लिफ्ट पास. पूर्वी हंगामभर एकच दर असायचा. आता स्वित्झर्लंडमधल्या बऱ्याच ठिकाणी विमानासारखं झालंय. आज एक दर, उद्या दुसरा, ऊन पडलेल्या रविवारी तिसराच.

लिफ्टवाल्यांची बाजू मला कळते. दोर, मोटारी, तपासण्या, रात्रभर बर्फ फवारणारी यंत्रं, सगळं महाग. देशातल्या निम्म्याहून जास्त उतारांवर आज कृत्रिम बर्फाची सोय करून ठेवावी लागली आहे. हिवाळा लहरी झालाय. आधी पैसे हातात आले तर त्यांची झोप शांत होते. मान्य.

पण मग माझी झोप उडते, त्याचं काय? हवेचा धोका पूर्वी कंपनीच्या डोक्यावर होता, तो आता अलगद आपल्या खिशात आलाय. आधी घ्या, तर हवेचा जुगार. थांबा, तर वाढलेला दर. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला फरक पडत नाही. पडतो तो शनिवार-रविवारच मोकळे असलेल्या आणि शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या कुटुंबाला.

"खासगी धंदा आहे, परवडत नाही तर जाऊ नका," असं कुणी म्हणेल. पूर्ण खासगी नाही हो! इथे पाळणा किंवा चेअरलिफ्ट चालवायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. लिफ्ट जाते ती बऱ्याचदा उन्हाळ्यात गाई चरतात त्या कुरणांवरून. आणि कित्येक ठिकाणी गेमाइंडेचा, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामपंचायतीचा, पैसा त्यात गुंतलेला असतो. शिवाय २०१७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सक्तीच्या शालेय शिबिरासाठी पालकांकडून फक्त जेवणाचा खर्च घेता येईल. म्हणजे शाळेचं स्की शिबिर सक्तीचं असेल तर पासचा भार शाळेवर, पर्यायाने कर भरणाऱ्यांवर. स्की न करणाऱ्यांनीही यात लक्ष घालायला हवं ते यासाठी.

दुसरा रस्ता नाही असंही नाही. २०१६ मध्ये सास-फेने हजार फ्रँकच्या वरचा हंगामी पास २२२ फ्रँकला देऊ केला. अट एकच, ९९,९९९ लोकांनी घ्यायला हवा. तेवढे जमले नाहीत, तरी त्यांनी त्याच दरात पास दिले. २०१७ मध्ये मुख्यतः फ्रेंच भाषिक भागातल्या २५ ठिकाणांनी मिळून मॅजिक पास काढला, सुरुवातीचा दर ३५९ फ्रँक. पैसे इथेही आधीच द्यावे लागतात, पण संपूर्ण हंगामासाठी. एक रविवार वाऱ्याने खाल्ला तर पुढचा असतो.

उलट अमेरिकेत बघा. व्हेलला खिडकीवर एका दिवसाचा पास ३०० डॉलरच्या वर गेलाय. हीच व्हेल कंपनी आता आंडरमाट आणि क्रांस-मोंतानाच्या लिफ्टची मालक आहे. उद्या तेच वारं इथे वाहणार नाही, याची खात्री कोण देणार?

दिवाळीत पुण्याहून गावी जाताना ट्रॅव्हल्सवाले काय भाव लावतात ते आपण सगळ्यांनी भोगलंय. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरवलं, खासगी बसचं भाडं एसटीच्या दीडपटीवर जाता कामा नये. अंमलबजावणीचं राहू द्या, पण तत्त्व बरोबर होतं. सवलत कितीही द्या, वरची मर्यादा मात्र आधी जाहीर करा.

माझी मागणी एवढीच. हंगाम सुरू होण्याआधी कमाल दर जाहीर व्हावा. निम्म्याहून जास्त लिफ्ट बंद असतील तर पैसे परत मिळावेत, नाहीतर दुसरा दिवस मिळावा. आणि शाळकरी मुलांचा दर वर्षभर एकच असावा.

इथे गावसभेत हात वर करून निर्णय होतात. आपल्यातल्या ज्यांच्याकडे लाल पासपोर्ट आला आहे, त्यांनी पुढच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला तर घरी बसू नका. बाकीच्यांनी निदान लिफ्ट कंपनीला एक पत्र तरी लिहा. मी या आठवड्यात लिहितोय.

तुमचा अनुभव काय? खाली सांगा.