झाकणभर औषध आणि मेजरचा रकाना

भाचीने कॉलेजच्या अर्जात मेजर म्हणून 'जनसंवाद' लिहिलं आणि आमच्या भाऊजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी मला फोन. "तूच समजाव तिला. बोलायला शिकण्यासाठी तीन वर्षं कशाला घालवायची? आपल्या घरात न शिकताच सगळे बोलतात."

मला हसू आलं. पण वीस वर्षं आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी बोलून मी काय शिकले, ते त्यांना एका फोनवर सांगता येईना.

महिन्याला पाच-सहा ड्युट्या मिळणारी मी नैमित्तिक निवेदिका. एकदा कपाशीवरच्या फवारणीचं प्रमाण वाचलं: दोन मिली प्रति लिटर पाणी. उच्चार स्वच्छ, वेळ अचूक, मी खूश. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. "ताई, आमच्या पंपाला किती झाकणं?" त्यांचा पंप सोळा लिटरचा. म्हणजे बत्तीस मिली. पण झाकण केवढं? प्रत्येक बाटलीचं वेगळं. मी जे सांगितलं त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं, आणि त्यातलं काहीही त्या बाईंच्या हाती लागलं नव्हतं.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. कारणं बरीच होती: माणसाच्या उंचीची कपाशी, दोन-तीन औषधांची मिसळ, ना मास्क ना हातमोजे. मला मात्र तेव्हापासून औषधाच्या बाटलीवरचं रंगीत चिन्ह छळतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा, अशी विषाची उतरती भाजणी. हिरवा म्हणजे कमी विषारी. बिनविषारी नव्हे. पण जन्मभर सिग्नलला आणि पिकाला हिरवं बघितलेल्या माणसाला हिरवा रंग 'जा' म्हणतो की 'जपून'? हा प्रश्न ना रसायनशास्त्राच्या वर्गात विचारला जातो, ना शेतकीच्या. तो ज्या वर्गात विचारायचा, त्या वर्गाचं नाव भाचीने अर्जात लिहिलंय.

गंमत म्हणजे या विषयाचं एक मूळ शेतातच आहे. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मक्याचं बियाणं चांगलं असूनही शेतकरी ते घ्यायला वर्षानुवर्षं का लावतात, यावर १९४३ साली एक अभ्यास छापून आला. त्याच आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा एव्हरेट रॉजर्स. नवी गोष्ट माणसांत कशी पसरते यावर त्याने १९६२ साली लिहिलेलं पुस्तक आजही या शाखेत शिकवतात. आपल्याकडे मात्र 'मास मीडिया' म्हटलं की पालकांना वृत्तनिवेदिका दिसते, मुलांना रील दिसतं, आणि कॉलेजच्या माहितीपत्रकावर कॅमेरा.

म्हणून कॅमेऱ्यासाठी हा विषय घेऊ नये, असं माझं मत आहे. कॅमेरा सहा महिन्यांत येतो. फोनवर तर आठवड्यात. नोकऱ्यांचंही खोटं सांगणार नाही. तालुक्याचा वार्ताहर किती मानधनावर राबतो ते मी जवळून बघितलंय. पण सांगितलेलं पोचत का नाही, या प्रश्नाने ज्याची झोप उडते त्याने खुशाल घ्यावा. सोबत मायनर मात्र ठणठणीत निवडावा: संख्याशास्त्र, मानसशास्त्र, जमलं तर शेती. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर गणित शिकवत, हे आपण पत्रकार दिनाच्या भाषणांत विसरतो.

आणि प्रवेश घेण्याआधी कॉलेजला स्टुडिओ किती मोठा आहे हे विचारू नये. तीन वर्षांत मुलांना ऐकणाऱ्यांच्या ओट्यावर किती वेळा नेणार, आणि मराठीत किती लिहून घेणार, हे विचारावं.

भाऊजींना यातलं अर्धंच बोलले. भाचीला मात्र झाकणाची गोष्ट सांगितली. परवा ती गोठ्यातून एक रिकामी बाटली उचलून शेजारच्या शिवारात गेली, फवारणी करणाऱ्या तिघांना हिरव्या रंगाचा अर्थ विचारून आली. "मावशी, दोघं म्हणाले, हिरवं म्हणजे पिकाला चालतं. तिसरा म्हणाला, तो कंपनीचा शिक्का आहे."

अर्ज अजून पुरा भरायचाय. मायनरचा रकाना तिने पेन्सिलीने दोनदा लिहून दोनदा खोडलाय.