स्वखर्चाचे पुस्तक आणि विकतची प्रसिद्धी

निवृत्तीला आलेला एखादा शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून आपली कादंबरी स्वखर्चाने छापतो, ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. पुस्तक छापून झाल्यावर त्याच्यापुढे दुसरे मागणे येते ते प्रसिद्धीच्या खर्चाचे. तो त्याने करावा काय?

लेखकाने स्वतःच्या ग्रंथाच्या प्रसारासाठी झटणे यात कमीपणा मुळीच नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली आणि लगोलग १८७५ साली ‘किताबखाना’ हे पुस्तकांचे दुकानही उभारले. लिहिलेले वाचकापर्यंत पोहोचवणे हे लेखनाइतकेच निकडीचे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

तथापि खर्चाचा हिशेब कठोरपणेच मांडला पाहिजे. पुस्तकाची किंमत २०० रुपये आणि विक्रेत्याची सूट ४० टक्के आहे, असे गृहीत धरू. छपाईचा खर्च तर होऊन गेलेला आहे. तेव्हा विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे लेखकाच्या हाती १२० रुपये येतात. प्रसिद्धीवर २०,००० रुपये घातले, तर ते भरून येण्यासाठीच १६७ प्रती अधिक खपल्या पाहिजेत. त्यासुद्धा एरवी खपल्याच नसत्या अशा! आप्तेष्टांनी आणि सहकाऱ्यांनी घेतलेल्या प्रती या हिशेबात धरता येणार नाहीत.

शिवाय प्रसिद्धीचे प्रकार दोन आहेत. अभिप्रायासाठी प्रती पाठवणे, ग्रंथालयांना पत्रे धाडणे, साहित्य संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात जागा मिळवणे हा पुस्तकाची माहिती देण्याचा खर्च होय. पैसे मोजून छापून आणलेली स्तुती, शुल्क भरून पदरात पाडून घेतलेला पुरस्कार हा मात्र निव्वळ मोठेपणा विकत घेण्याचा व्यवहार होय. पहिला खर्च रास्त आहे, दुसरा घातक.

घातक अशासाठी की, त्याची झळ एकट्या लेखकाला लागत नाही. जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले की, ग्राहकाला चांगल्या-वाईट मालातील फरक कळेनासा झाला म्हणजे चांगला मालच बाजारातून हटू लागतो. पुस्तक वाचल्यावाचून पारखता येत नाही. म्हणून वाचक परीक्षणावर विसंबतो. ते परीक्षणच विकाऊ झाले, तर प्रामाणिक परीक्षणावरचाही विश्वास उडेल आणि खऱ्या गुणी नवलेखकाचा शेवटचा आधार जाईल.

प्रसिद्धीवाचून गठ्ठे पलंगाखाली पडून राहतात, हा आक्षेप खोटा नाही. परंतु त्यावरचा उपाय वेगळा आहे. आता मागणीनुसार थोड्या प्रती छापणे शक्य आहे. हजार प्रतींचा हट्ट सोडून प्रथम दोनशेच छापाव्यात आणि वाचलेल्या रकमेतूनच पुस्तकाची वार्ता वाचकाला द्यावी. लेखकाने पैसे जरूर खर्चावेत. पण ते आपले पुस्तक आहे हे सांगण्यासाठी. ते चांगले आहे, हे सांगण्याचा अधिकार वाचकाचा आहे, आणि तो विकत घेता येत नाही.