आई म्हणजे पहारेकरी नव्हे



सरकार एकाएकी बायकांच्या सक्षमीकरणाची भाषा बोलू लागले, की आपण आधी विचारावे, कशासाठी? ब्रिटनमधल्या स्थलांतरित मुस्लिम स्त्रियांना हा प्रश्न फार महागात पडलेला आहे.

७ जुलै २००५ रोजी लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट होऊन ५२ निरपराध माणसे मेली. हल्लेखोर ब्रिटनमध्येच वाढलेले होते. तरुणांना दहशतवादाकडे जाण्यापासून रोखणारे 'प्रिव्हेंट' हे धोरण २००३ पासून होतेच. आता त्यासाठी पैसा वाहू लागला. हेतूशी आपले भांडण नाही. पण कोणत्या भागाला पैसा द्यायचा, हे तिथे मुसलमान किती राहतात यावरून ठरू लागले. म्हणजे संशय अख्ख्या समाजावर!

जानेवारी २००८ मध्ये सरकारने मुस्लिम स्त्रियांचा राष्ट्रीय सल्लागार गट नेमला. आईला बळ दिले की ती मुलांना सावरेल, अशी मांडणी होती. मारहाण, सक्तीचे लग्न, नोकरीतला भेदभाव हे बाईचे स्वतःचे प्रश्न मागे पडले. नागरिक म्हणून नव्हे, मुलाची राखणदार म्हणून तिची किंमत झाली.

त्याच वर्षी लंडनच्या ईलिंग नगरपरिषदेने 'साऊथॉल ब्लॅक सिस्टर्स'चे अनुदान काढायचे ठरवले. १९७९ पासून हिंसापीडित आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन स्त्रियांसाठी झटणारी ही संघटना. काही ठरावीक स्त्रियांसाठी वेगळे केंद्र कशाला, त्याने सामाजिक एकोपा बिघडतो, असा युक्तिवाद झाला. स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. मूलतत्त्ववाद्यांशी आणि वर्णद्वेषाशी एकाच वेळी लढणाऱ्या या बायका. सरकारला खरी साथ हवी होती, तर ती इथे होती.

आणि आईवर विश्वास तरी होता का? डिसेंबर २०१४ मध्ये लंडनची एक शाळकरी मुलगी सीरियाला निघून गेली. पोलिसांनी तिच्या मैत्रिणींकडे चौकशी केली. पुढची विचारपूस करण्यासाठी पालकांची परवानगी मागणारी पत्रे त्यांनी मुलींच्याच हाती दिली! मुलींनी ती दडवली. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यातल्या तिघी गेल्या. आयांना कुणी काही सांगितलेच नव्हते. पुढे लंडनच्या पोलीस आयुक्तांना माफी मागावी लागली.

त्याच वर्षीच्या कायद्याने शिक्षक, आरोग्यसेवा आणि समाजकार्यकर्ते यांच्यावर 'प्रिव्हेंट'ची जबाबदारी टाकली. ती आजही आहे. २०१६ मध्ये मुस्लिम स्त्रियांना इंग्रजी शिकवण्यासाठी २ कोटी पौंड जाहीर झाले, तेही अतिरेकाशी जोडून. इंग्रजी वर्गांच्या अनुदानाला त्याआधी कात्री लावली होती, ती याच पंतप्रधानांच्या काळात.

मी समाजकार्य शिकले तेव्हा पहिला धडा गोपनीयतेचा होता. मार खाऊन आलेली बाई बोलता बोलता मुलाची काळजीही सांगते. ते पोलिसांपर्यंत जाईल अशी नुसती शंका आली, तरी ती पुन्हा येत नाही. मग ना बाई वाचते, ना मुलगा.

धर्मांध संघटनांचा पहिला घाव बाईवरच पडतो, म्हणून गप्प बसणे हा आपला मार्ग नाही. पण मदतकेंद्र आणि पोलीस-तपास यांच्यात भिंत हवी. अनुदान कोणत्या खात्यातून येते आणि बदल्यात कोणती माहिती द्यावी लागते, हे सही करण्याआधी विचारायला हवे. आपल्या पुढच्या बैठकीत यावर बोलू या.