अंदाज वेगळा, अंदाजपंचे वेगळं

जून सरताना वऱ्हाडातून दुबार पेरणीच्या बातम्या आल्या, की शहाणपणाला ऊत येतो : ‘शेती अशी अंदाजपंचे दाहोदरसे होत नसते!’ खापर शेतकऱ्याच्या अंदाजावर फुटतं.

हा शेरा मारणाऱ्यांनी आधी पाढा आठवावा. बावीस पंचे दाहोदरसे, म्हणजे ११०. म्हणीनं बाविसाला उठवून त्याच्या जागी अंदाज बसवला. तिचा टोला आहे तो कशाला पाचानं गुणलं याचा पत्ता नसताना ठणकावून उत्तर देणाऱ्याला.

आता अकोट-दर्यापूरकडच्या काळ्या रानात चला. जाणता शेतकरी नुसत्या सरीवर तिफण काढत नाही. वीतभर उकरून खालची माती मुठीत दाबतो. तळव्याला चिकटली तर थांबतो. गोळाच झाला नाही तरी थांबतो. गोळा होऊन बोटानं सहज फुटला, की वाफसा. म्हणजे बावीस त्याच्या मुठीत असतात. पुढे पावसानं दडी मारली, तर तो दोष मुठीचा कसा?

‘पण मोजमाप नको का?’ हवंच. मात्र मोजणारं सरकारही अंदाजापासूनच सुरुवात करतं. अमरावती विभागात खरिपाची पहिली पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याची सरकारी आकारणी, ‘नजरअंदाज’ म्हणूनच जाहीर होते, ३० सप्टेंबरला. मग ३१ ऑक्टोबरला सुधारित आणि ३१ डिसेंबरला अंतिम. सायबाची नजर ती पद्धत आणि शेतकऱ्याची नजर ते अडाणीपण, हा कुठला न्याय?

याचा अर्थ ‘आमच्या आज्याला आभाळ कळायचं, यंत्रं कशाला?’ हा तोराही खरा नव्हे. बुलडाण्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे त्या मांडणीत झालेल्या बदलांवरून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. श्रद्धा म्हणून ठीक. पण मांडणीतल्या बदलांचा आणि आभाळाचा संबंध काय, हे कुणी दाखवलेलं नाही. बावीस इथे गायब आहेत.

तेव्हा अंदाज टाकायचा नाही, तपासायचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला सोळा आणे खरा. पण पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या गावी आणि सर पडते शिवारात. एका धुऱ्यावर चिखल, दुसऱ्यावर धूळ, हे वऱ्हाडाला नवं नाही. मिलिमीटर मंडळाचं सांगतात, मूठ वावराचं. पेरणी दोघांना विचारूनच करावी, आणि अंदाजपंचे म्हणायचंच असेल, तर दोन्हींपैकी काहीच न पाहता निकाल देणाऱ्याला म्हणावं.