सिस्टरांच्या म्हातारपणाचा हिशेब



गेल्या महिन्यात एका कॉन्व्हेंटात जाऊन आलो. ज्या सिस्टरांनी बोर्डिंगचे स्वयंपाकघर पंचवीस-तीस वर्षे सांभाळले, त्या आता तिथे असतात. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मला ओळखायला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर पहिला प्रश्न, "सर, पेन्शन येते ना वेळेवर?"

येते, म्हणालो. त्यांना पेन्शन नाही, हे त्यांच्याही लक्षात नव्हते बहुतेक. माझ्या होते. आणि तीन वर्षांत मी एकदाही फिरकलो नव्हतो, हेही.

आपला समज असा की फादर, ब्रदर, सिस्टर यांच्या मागे चर्च उभे आहे, त्यांना काय कमी? मीही असाच समजून होतो. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरला सरकारी पगार असतो. पण तो, आणि पुढे पेन्शनसुद्धा, त्यांच्या संस्थेत जमा होते. दारिद्र्याचे व्रत ते हेच. त्याच पैशावर स्वयंपाकघरातल्या, दवाखान्यातल्या, खेडोपाडी पायी फिरलेल्या सिस्टरांचे म्हातारपण निघते. एका ताटात चौघी. आता शिकवणाऱ्या निवृत्त झाल्या, नव्या मुली येतात त्या बोटांवर मोजण्याइतक्या. कर्नाटकात १ एप्रिल २००६ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यात अनुदानित शाळांतल्या सिस्टर-फादरांच्या पगारातूनही टीडीएस कापायचा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. कर सर्वांनी भरावा, माझी त्याला हरकत नाही. पण ताट लहान झाले एवढे खरे.

धर्मप्रांताच्या फादरांचे थोडे वेगळे. १९८३ च्या चर्च कायद्याप्रमाणे पंचाहत्तरी पूर्ण झाली की पॅरिश प्रीस्टने बिशपांकडे राजीनामा द्यायचा आणि त्यांच्या राहण्या-खाण्याची सोय बिशपांनी बघायची. ठीक. पण बिशपांनी पैसा आणायचा कुठून? धर्मसेवकांचा सांभाळ करणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे, असे त्याच कायद्यात आहे. हे कलम वेदीवरून कुणी वाचून दाखवल्याचे मला आठवत नाही. फादरांना स्वतःसाठी मागायला संकोच वाटत असणार, दुसरे काय.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही सिस्टरांनी पॅरिशच्या शाळांत अगदी थोड्या मानधनावर आयुष्ये काढली आणि शेवटी हातात काही उरले नाही. तिथे १९८८ पासून दर डिसेंबरात एका रविवारी म्हाताऱ्या सिस्टर, ब्रदर आणि संघातल्या फादरांसाठी चर्चमध्ये थाळी फिरते. आपल्याला एवढे जमू नये? फेस्ताला मांडव, बँड, फटाके, जेवण, सगळ्याला वर्गणी निघते. हौस आहे, असू दे. वर्षातला एक रविवार मागतो आहे मी.

आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांना उद्देशून नाही. नंदगड, लोंढा, जांबोटीकडून आमच्याकडे शिकायला आलेली निम्म्याहून अधिक मुले मराठा, लिंगायत, मुसलमान घरची. कितीजणांची फी माफ झाली, कुणाला रात्री तापात पेज भरवली, हे ज्याचे त्याला ठाऊक. आज ती पुण्यात, गोव्यात, आखातात आहेत.

देताना मात्र सिस्टरांच्या हातात नोटा ठेवू नका, त्या ठेवून घेणार नाहीत. सुपिरियरांकडे द्या, कशासाठी ते लिहून द्या आणि पावती घ्या. फादरांसाठी असेल तर बिशप हाऊसमध्ये. नाताळात केकचे खोके नेऊ नका. निम्म्याजणींना साखरेचा आजार आहे. लागतात ते मोठ्यांचे डायपर, व्हीलचेअर, रात्री जवळ झोपणाऱ्या बाईचा पगार. बेळगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी. तिथे गाडी चालवणाऱ्या सिस्टरही साठीच्या पुढे आहेत.

आणि वेळ लागतो. त्या दिवशी तासभर बसलो. बोर्डिंगच्या मुलांची नावे त्या एकेक करून विचारत होत्या, हा कुठे, तो कुठे. बऱ्याच नावांना मला उत्तर देता आले नाही. जाऊन विचारून येतो, म्हणालो. तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनो, कुठे आहात ते मला कळवा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी परत जातोय, गाडीत दोघांची जागा आहे.

एक निवृत्त शिक्षक, खानापूर